पक्ष्याचा डोहाळा

"आत या, पण दार लगेच लावून घ्या," कुरेशी सर आतून ओरडले. "एक सुटलाय!"

आईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दारं लावून घेण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या पाचगणीत कुणी नव्हतं. तिने मला आत ढकललं, दार लावलं, कडी घातली आणि दाराखालच्या फटीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"केवढी फट आहे बघ," ती पुटपुटली. "सगळा वारा आत येतोय."

मला आठवा महिना लागला होता. डोक्याला रुमाल, कानात कापसाचे बोळे, अंगात स्वेटर आणि त्यावर आईची लोकरीची शाल. मी चालत आले होते असं म्हणणं कठीण आहे, आईने मला गाठोड्यासारखं आणलं होतं. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आल्यापासून हेच चाललं होतं. घरातल्या खिडक्यांच्या फटींत तिने चिंध्या कोंबल्या होत्या. उंबऱ्याशी गोणपाटाची गुंडाळी. मी चुकून खिडकीच्या कडीला हात लावला तर आई इतक्या जोरात "वैजू!" म्हणायची, की पोटातलं बाळसुद्धा दचकायचं. वाऱ्याला माणसं भितात, पण आईची भीती वेगळी होती. ती भांडून, चेष्टा करून, रुसून कशानेही जात नसे. बाबा होते तेव्हा तेही तिच्यापुढे हात टेकायचे.

त्या बंद घरात मला भीती वाटायची. बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला बाहेर जात नसे. घड्याळ तेवढं वाजायचं. बाळंतपणाची मला धास्ती होती, आणि ती सांगायला आईइतकं चुकीचं माणूस दुसरं नव्हतं, कारण ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती. म्हणून जेव्हा माझे यजमान शशिकांत चंद्रपूरहून रजेवर आले आणि त्यांनी थट्टेने विचारलं, "बाईसाहेबांना कसले डोहाळे लागलेत? चिंच आणू की पेरू?" तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एक पक्षी पाळायचाय."

ते हसत सुटले. त्यांची सर्व्हेची नोकरी, ते दोन दिवसांनी निघूनही गेले. आई मात्र हसली नव्हती.

"डोहाळा तो डोहाळा," ती म्हणाली. "पुरवला नाही तर पोराची लाळ गळते. पण बाई, जगात एवढी फळं आहेत, पदार्थ आहेत, तुला पिसंवालंच काय सुचलं?"

असे आम्ही कुरेशी सरांकडे आलो होतो. सरांनी मला शाळेत चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या पडवीला जाळी मारून त्यात पक्षी ठेवले होते. विकायचे, पण कुणालाही नाही. आधी मुलाखत घ्यायचे.

"आजवर काय काय पाळलंयस?" त्यांनी कपाटावर बसलेल्या त्या सुटलेल्या पक्ष्यावरची नजर न काढता विचारलं.

"काही नाही सर."

"मांजर? मासे?"

"एक नवरा आहे."

आईने मला चिमटा काढला. सर हसले नाहीत. "तो आपलं आपण खातो. याला तू द्यायचं असतं. रानातला पोपट मागणार असशील तर आत्ताच घरी जा, त्याला कोंडणं गुन्हाही आहे आणि पापही. नवख्या माणसाला बजरी बरी. लोक लव्हबर्ड म्हणतात, म्हणू दे. ये, बघ."

जाळीमागे निळे, हिरवे, पिवळे, पांढरे असे मुठीएवढे पक्षी नुसता गोंधळ घालत होते. मी खूप वेळ बघत राहिले. मग मला तो दिसला. कोपऱ्यात, बाकीच्यांपासून दूर, पांढराशुभ्र, अंगाचा गोल गोळा करून बसलेला. डोळे अर्धे मिटलेले. एवढ्या कलकलाटात साधूसारखा निवांत.

"हा," मी म्हटलं. "किती शांत आहे."

"खरंच गं, गुणी दिसतोय," आईसुद्धा म्हणाली.

सरांनी मान हलवली. "पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस याच्याकडेच बोट दाखवतो. अगं, तो शांत नाही, आजारी आहे. पिसं फुगवून बसलाय, कारण अंगात ऊब राहत नाही. पक्षी गप्प बसला की कौतुक करायचं नाही, घाबरायचं. जो भांडतोय, लोंबकळतोय, दुसऱ्याच्या चोचीतला दाणा ओढतोय, तो निवड."

तसा एक होताच. हिरवा, गळ्याशी पिवळा, जाळीला उलटा लटकून सगळ्या जगाला शिव्या देत होता. माझं त्याच्याकडे मन जाईना. पण सरांनी तोच काढून माझ्या हातात ठेवला. त्याचं काळीज माझ्या तळव्यावर इतकं भराभर धडधडत होतं, की मला एकदम रडू आलं. एवढ्याशा जिवाची जबाबदारी आपल्याला पेलायची नाही, असं वाटलं. मी हे पक्ष्याबद्दल म्हणत नव्हते, ते मला तेव्हाही कळत होतं.

"हा फार कर्कश आहे," आई म्हणाली. "बाळ झोपणार कसं?"

"बाळाला सवय होईल वहिनी. आता नीट ऐका. रोज ताजं पाणी. राळे द्या, कोथिंबीर द्या. स्वयंपाकघरात ठेवू नका, धूर याला अजिबात चालत नाही. आणि वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. गारठला की संपला."

हे शेवटचं ऐकताना आईचा चेहराच बदलला. इतकी वर्षं घरातलं, गल्लीतलं, नात्यातलं जे माणूस ऐकेल त्याला ती वाऱ्याबद्दल सांगत आली होती आणि सगळे तिला हसत आले होते. पहिल्यांदाच कुणी शिकलेला माणूस तिच्या बाजूने बोलत होता.

"वाऱ्याचं मला सांगायला नको सर," ती म्हणाली. "मी बघते त्याच्याकडे."

आणि तिने खरंच बघितलं. महिन्याभरात तो माझा राहिलाच नाही. मी त्याला बडबड्या म्हणायची. आई नावाने हाक मारत नसे, पण त्याच्यासाठी कोथिंबिरीची जुडी वेगळी काढून ठेवायची. पिंजऱ्याला तिने जुन्या सुती लुगड्याचं पांघरूण शिवलं. सकाळपासून त्याची टकळी सुरू व्हायची, आणि आई पोळ्या लाटता लाटता तिकडून ओरडायची, "पुरे रे, पुरे! कुणाशी भांडतोयस?" घर एवढं बंद असूनही मला जरा श्वास घेता येऊ लागला.

डिसेंबरात मला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी आईने आम्हा दोघींना मधल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाज, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, डोक्याला फडकं. शेक-शेगडी सगळ्याच घरांत असते. आईची मात्र काळजी घ्यायची आपली एक रीत होती. ती कोळसे कधीच आत पेटवत नसे. अंगणात शेगडी ठेवायची, पुठ्ठ्याने वारा घालायची, धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत थांबायची, आणि निखारे लालबुंद झाले की मगच आत आणायची.

"बघ, धूर म्हणून नाही," ती अभिमानाने म्हणायची.

पोर मात्र रडकी होती. दूध पिताना रडायची, न्हाताना रडायची, झोपेतही कुरकुरायची. रडली की मला भीती वाटायची आणि थांबली की त्याहून जास्त. मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. आईला तसं करताना मी दोनदा पकडलं होतं, म्हणून मी माझं लपवायची.

त्या दिवशी सकाळपासून धुकं उतरलं होतं आणि बारीक पाऊस पडत होता. पाचगणीतही अशी थंडी क्वचित पडते. मधल्या खोलीच्या खिडकीची एक काच कोपऱ्यात तुटलेली होती, तिथून थोडी हवा यायची. आईने त्या भोकात बाबांची जुनी मफलर दाबून बसवली. मग शेगडीत रोजच्यापेक्षा दुप्पट कोळसे घेतले. दुपारची जेवणं झाली, शेक झाला. आई पडवीतून पिंजरा घेऊन आत आली.

"बाहेर गारठून मरेल बिचारा," ती म्हणाली. "राहू दे आज इथेच, उबेत. तू झोप आता. मी डिंक तळून घेते."

ती गेली. दार लावलं, बाहेरून गोणपाट सारलं. बडबड्याने नव्या जागेबद्दल तक्रार सुरू केली. त्या टकळीत मला डोळा लागला.

जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून. कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं. मळमळत होतं. बाळंतपणात व्हायचंच असं, मी मनाशी म्हटलं. खोली छान उबदार होती. पोर माझ्या कुशीत झोपली होती, पहिल्यांदाच न कुरकुरता. गाल कसे गुलाबी झाले होते. घरात काही आवाज नव्हता. मला बरं वाटलं, आणि मी पुन्हा डोळे मिटले.

मिटले आणि भीतीने उघडले. काही आवाज का नव्हता?

मी मान वळवली. पिंजऱ्यातली दांडी रिकामी होती. बडबड्या तळाशी बसला होता, पिसं फुगवून, चोच उघडी, शेपटी खालीवर होत होती. माझ्या बघता बघता तो एका अंगावर कलला. मला उठायचं होतं, पण पाय माझे नव्हतेच. तोंड उघडून मीही त्याच्यासारखीच हवा ओढत होते, आणि ती पुरत नव्हती. तेव्हा मला कळलं की आजारी तो एकटा नाहीये. आम्ही तिघंही आहोत.

हाक मारायला आवाज निघेना. उशाशी पाण्याचा तांब्या होता, तो मी हाताने लोटून दिला. तो घरंगळत दारावर आदळला. आई धावत आली, आत शिरली आणि पाठीमागे दार लावून घेतलं.

"काय गं? काय झालं?"

"खिडकी उघड."

"काय?"

"खिडकी उघड आई, श्वास येत नाही."

"वेडी झालीस का? बाहेर काय गारठा आहे! घाम आलाय तुला, त्यात वारा लागला म्हणजे..."

"त्याला बघ."

आईने पिंजऱ्यात बघितलं आणि ती हळहळली. "अगं बाई, गारठला गं बिचारा." आणि तिने, माझ्या आईने, बाजेखालची शेगडी चिमट्याने ओढली आणि पिंजऱ्याच्या जवळ, माझ्या डोक्याशी आणून ठेवली.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्याले आहे, पण त्या क्षणाएवढी कशालाच नाही. मला आईची भीती वाटली. जिच्या कुशीत मी भीती घेऊन जायची, तीच आता मायेने आम्हाला मारणार होती, आणि तिला ते सांगायला माझ्या छातीत पुरेशी हवा नव्हती.

मी पोरीला उचललं. तिची मान लटकली. मी हलवलं, गालावर टिचक्या मारल्या. ती जागी होईना.

"झोपू दे ना तिला, किती दिवसांनी शांत झोपलीय," आई म्हणाली.

मी बाजेवरून खाली आले, पडले, पुन्हा उठले. पोरीला छातीशी धरून दाराकडे निघाले. आई दारात आडवी उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

"बाहेर नेऊ नकोस. वैजू, तुझ्या पाया पडते. वारा लागेल. पोर हातची जाईल, तुला माहीत नाही!"

"बाजूला हो, आई."

"नाही."

मी तिला ढकललं. खांद्याने, सगळी ताकद लावून, जन्मात कधी ढकललं नसेल तसं. ती भिंतीवर आपटली. मी दार उघडलं, गोणपाटावरून ठेचकाळत गेले, माजघर, पडवी, अंगण. पावसात. मागून आई शाल घेऊन ओरडत धावत होती, "मारशील गं तिला, मारशील!" मी अंगणात चिखलात बसले आणि पोरीचं दुपटं सोडून टाकलं. गार पाऊस तिच्या तोंडावर पडू दिला. आई शाल टाकायची, मी फेकून द्यायची. शेजारच्या पांगारेवहिनी दारात आल्या आणि आमच्याकडे बघतच राहिल्या. मायलेकी भर पावसात एका तान्ह्या पोरीवरून झोंबाझोंबी करत होत्या.

मग पोरीने उलटी केली. हातपाय आखडले. आणि ती रडली. आधी मांजरासारखं, मग रोजच्यासारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

माझ्या हातून शाल सुटली. आईने ती दोघींवर घातली.

पांगारेवहिनींच्या मुलाने रिक्षा आणली. दवाखान्यात फाटक डॉक्टरांनी दोघींनाही प्राणवायू लावला. आई पलंगाशी उभी होती, ओल्या लुगड्यानेच. डॉक्टरांनी मला प्रश्न विचारले, पोरीला तपासलं, आणि मग आईकडे वळून सावकाश सांगितलं.

"आजी, ती वाचलीय. आज रात्री इथेच ठेवू. पण पुन्हा बंद खोलीत कोळसा ठेवायचा नाही. कधीच नाही."

"धूर नव्हता हो," आई म्हणाली. "मी धूर सगळा जाऊ दिला होता. मी नेहमी जाऊ देते."

"तुम्ही काळजी घेतलीत, कळतंय मला. पण निखाऱ्यातून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. हवा खेळती नसली की साठतो. मग झोप येते आणि माणूस झोपेतच जातं. पक्षी आधी जातो. मग तान्ही मुलं."

आईने पोरीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने विचारलं, "रडत नाहीत का मुलं?"

"नाही. गाढ झोपल्यासारखी दिसतात."

"आणि गाल गुलाबी होतात?"

"कधी कधी होतात." डॉक्टरांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"आज बघितले ना," आई म्हणाली. पण तिने ते माझ्याकडे न बघता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. पिंजऱ्यात बडबड्या तसाच पडला होता. आईने त्याला पदरात घेतलं आणि परसात पुरलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली. पोर माझ्या मांडीवर रडत होती, आणि आम्ही दोघीही तिला थांबवत नव्हतो.

"तुझ्याआधी एक होती," आई म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"मुलगी. बारसंसुद्धा झालं नव्हतं. सासरी होते मी, मेढ्याला, असेच थंडीचे दिवस. सासूबाईंनी शेगडी ठेवली होती. माझं डोकं फार चढलं म्हणून मी उठून खिडकी उघडली. जराशी. तर सासूबाई आल्या, ओरडल्या, बाळंतीण असून खिडकी उघडतेस, पोरीचा जीव घेतेस काय? मी घाबरून लावून टाकली. मग मला न्हाणीघरात न्हायला बोलावलं, मी गेले. परत आले तर ती..." आईने रडणाऱ्या पोरीच्या पायावर हात ठेवला. "इतकी छान झोपली होती वैजू. गाल असे गुलाबी. सगळे म्हणाले वारं लागलं. आईनेच खिडकी उघडली, आईनेच घालवली. तुझे बाबासुद्धा म्हणाले, एकदाच. मग कुणी तिचं नावच काढलं नाही."

माझ्या जन्माआधीपासून आमच्या घराच्या खिडक्या का बंद होत्या, ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता हिचं ओझं उतरेल. मी तिचा हात धरला.

"म्हणजे तू नाही घालवलीस आई. वाऱ्याने नाही गेली ती. तुझी चूक नव्हतीच."

आईने मान हलवली. ती तिथे पोचून पुढेही गेली होती. कदाचित रात्रभर दवाखान्याच्या बाकावर तिने तेवढंच केलं होतं.

"मी ती खिडकी लावली गं," ती म्हणाली. "उघडीच ठेवली असती तर?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. काही शब्द तोंडाशीही आले. पण ती माझ्याकडे इतकी सरळ बघत होती, की ते तिथेच राहिले.

"वाचली असती," मी म्हटलं.

आईने एकदा डोळे मिटले आणि मग ती रडायला लागली. मोठ्याने, छाती पिटून, मयतीच्या घरात रडतात तशी. पांगारेवहिनी पुन्हा दारात आल्या, घाबरून म्हणाल्या, "अगं, काय झालं? कोण गेलं?"

"माझी मुलगी गेली," आई त्यांना म्हणाली.